संघ उठून जातो, मैदान उरतं

२४ ऑक्टोबर २०१८ चा भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना इंदूरला व्हायचा होता. तो झाला विशाखापट्टणमला. फुकटचे पास कुणाच्या वाट्याला किती, यावर क्रिकेट बोर्ड आणि राज्य संघटनेचं जमलं नाही, आणि सामना उचलून हजार किलोमीटर पलीकडे नेला. विराट कोहलीच्या एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा त्या दिवशी पुऱ्या झाल्या. देवास-धारच्या पोरांनी त्या टीव्हीवर पाहिल्या.

त्याआधी २०१७ आणि २०१८ मध्ये आयपीएलमधला पंजाबचा संघ आपले काही घरचे सामने इंदूरच्या होळकर स्टेडियमवर खेळून गेला होता. आम्ही त्याला लगेच आपला म्हटलं. देवासहून इंदूर हाकेच्या अंतरावर, धारहून जरा लांब, पण लोक गेले, तिकिटं काढून गेले. २०१९ ला संघ मोहालीला परतला. २०११ मध्ये कोचीचा संघही असेच दोन सामने खेळून गेला होता. त्याला तर त्याच वर्षी बोर्डाने लीगमधून काढून टाकलं.

संघ जाणारच. तो मालकाचा असतो, आणि मालक नफा बघणार. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. एखादा संघ येऊन गेला की आमच्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, सरकारने इथेही मोठं स्टेडियम बांधावं, म्हणजे संघ येतील. हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. ते बोलणारी माणसं भली आहेत, खेळावर जीव असलेली आहेत. म्हणूनच त्यांना सिएटलची गोष्ट सांगावीशी वाटते.

सिएटल या अमेरिकी शहरात सुपरसॉनिक्स नावाचा बास्केटबॉल संघ ४१ वर्षं होता. १९७९ चं अजिंक्यपद त्याने जिंकलं होतं. १९९५ मध्ये शहराने सार्वजनिक कर्ज काढून त्याच्यासाठी स्टेडियम नव्याने बांधून दिलं. दहा-अकरा वर्षांत तेही अपुरं ठरलं. २००६ मध्ये संघ ओक्लाहोमाच्या मंडळींनी विकत घेतला आणि ५० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमसाठी सरकारकडे हात पसरला. राज्याच्या विधिमंडळाने नकार दिला. शहरातल्या मतदारांनी तर आधीच मोठ्या बहुमताने ठरवून टाकलं होतं, की शहराला रास्त परतावा मिळणार नसेल तर अशा संघांना पैसा द्यायचा नाही. २००८ मध्ये संघ बाडबिस्तरा गुंडाळून ओक्लाहोमा सिटीला गेला. जागेचा करार २०१० पर्यंतचा होता, शहर कोर्टात गेलं, म्हणून जाताना ४.५ कोटी डॉलर भरावे लागले. संघाचं नाव आणि रंग सिएटलकडेच राहिले.

लोक रडले. पण पुढचंही बघा. तेच स्टेडियम २०२१ मध्ये खासगी पैशातून नव्याने उभं राहिलं. आणि ओक्लाहोमा सिटी? संघाला धरून ठेवायला तिथल्या मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम मंजूर केलं, खरेदीवरच्या एक टक्का कराच्या पैशातून. मालकांचा वाटा ५ कोटी. बदल्यात संघ २५ वर्षं राहील असं कागदावर लिहून घेतलं. मला तो सौदा महाग वाटतो, पण निदान त्यांनी लिहून तरी घेतलं.

आपल्याकडे पैसा असा उघड मागितला जात नाही. तो पाण्यात, पोलीस बंदोबस्तात, जमिनीत मुरलेला असतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि आयपीएलच्या खेळपट्ट्यांना पाणी कुठून येतं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. पाण्याची गाडी म्हणजे काय, हे देवासकरांना समजावून सांगायला नको. एप्रिल १९९० मध्ये आम्ही ती इंदूरहून आलेली पाहिली आहे. मैदान हिरवं ठेवणं आणि माणूस जगवणं यात कुणाचा नंबर आधी, हे त्या दिवसांत आमच्या घरातली लहान पोरंसुद्धा सांगत होती.

थैलीवर उभा राहिलेला संघ थैलीबरोबर जातो, याचा दाखला तर इंदूरचाच आहे. होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना आणलं, फौजेत हुद्दा दिला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर त्या संघातून खेळले. चौदा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी, चार वेळा विजेतेपद. आमच्या आजोबांच्या पिढीला तो संघ पाठ होता. १९५४-५५ चा अंतिम सामना ते इंदूरलाच मद्रासकडून हरले, आणि पुढच्या हंगामात होळकर नावाचा संघच उरला नाही. त्यांच्या शेवटच्या विजेतेपदानंतर या मुलखात करंडक आला तो थेट २०२२ मध्ये, मध्य प्रदेशच्या नावाने, आणि तोही मुंबईला हरवून. त्यात शतक ठोकणारा रजत पाटीदार इंदूरचा. तो कुणाच्या थैलीने आणलेला नव्हता, इथल्याच मैदानांवर वाढलेला होता.

देवास संस्थानच्या थोरल्या पातीची गोष्टही याच मुद्द्यावर येते. तिथले महाराज तुकोजीराव पवार नवा राजवाडा बांधत होते. १९२१ मध्ये त्यांचे खासगी सचिव म्हणून आलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहून ठेवलंय की तो पुरा होण्याआधीच ढासळत होता. संस्थान कर्जात बुडालं, महाराज १९३३ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले आणि तिथेच वारले. त्यांचे सासरे कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांनी १९१२ मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान पुरं केलं: जमिनीतच खोलगट उतरवलेलं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लाल माती दिसावी असं. पुढे १९४७ मध्ये तुकोजीरावांचे चिरंजीव विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. एकाच गोतावळ्यातली ही दोन बांधकामं. खासबागेत पंजाबचे पैलवान आले, लढले, गेले. कुस्त्या आजही तिथेच होतात.

परवा संध्याकाळी देवासच्या एका शाळेच्या मैदानाशी थांबलो. बास्केटबॉलचे दोन खांब. एका फळीचं प्लाय पावसाने फुगून सुटलेलं, दुसरी रिंग पोरं लोंबकळून लोंबकळून खाली वाकलेली. जाळी कुठेच नाही. जाळी नसली की चेंडू आतून गेला की बाहेरून, कळत नाही. ‘गेला!’ ‘नाही गेला!’ असं म्हणत सात-आठ मुलं-मुली हमरीतुमरीवर आलेली. लग्नाच्या मांडवाच्या बांबूंचे खड्डे तसेच, त्यामुळे टप्पा घेताना चेंडू कुठल्या कुठे पळतो. एका मुलीने खड्ड्यांना वळसा घालत, टप्पा न चुकवता चेंडू रिंगपर्यंत नेला. तो खड्ड्यांचा नकाशा तिने पायांनी पाठ केलेला होता.

पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. सिमेंटची जमीन, दोन नीट खांब, आखलेल्या रेषा, चार दिवे आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारे एक सर. धार असो की देवास, वॉर्डावॉर्डात एवढं करायला कुठल्याही लीगची परवानगी लागत नाही.

स्टेडियमचा ठराव कधी तुमच्या नगर निगमात किंवा नगरपालिकेत आला, तर नगरसेवकाला गाठून विचारा: संघ किती वर्षं राहणार, मुदतीआधी गेला तर किती भरणार, आणि हे कुठल्या कागदावर लिहिलंय? सामना नसेल त्या दिवशी फाटक गावातल्या मुलांना उघडं असेल का, हेही विचारा. कागद दाखवत नसतील तर विरोध करा. आणि तोवर, पावसाळ्याच्या आत, त्या रिंगला जाळी लावून द्या.