टाकी ते टाकी

नवी गाडी घेऊन तुम्ही सोसायटीच्या फाटकातून आत आलात. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं आहे, हार घसरतोय, घरातली मंडळी पेढ्यांचा पुडा उघडताहेत, आणि पार्किंगच्या खांबाआडून प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" गाडी तोवर शोरूमपासून घरापर्यंत एवढीच चाललेली असते. विचारणाऱ्याला त्याचं काही नसतं. पेढा तो नंतर खातो.

हे अ‍ॅव्हरेजकाका. वॉचमन नसलेली सोसायटी एक वेळ सापडेल, अ‍ॅव्हरेजकाका नसलेली सापडणार नाही. आमचे कोथरूडात राहतात. कुठल्याशा सरकारी खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेत. शर्टाच्या खिशाला दोन पेनं दिसतात, त्यातलं एकच पेन आहे; दुसरा टायरची हवा मोजायचा गेज. एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव घालायला त्यांनी तो गेज बाहेर काढला आणि बराच वेळ दाबून पाहिला. शाई येईना, तेव्हा पुटपुटले, "हवा कमी दाखवतोय."

या पिढीला हे दुखणं जडलं त्याला कारण आहे. 1972 साली लूना आली आणि सायकलवाल्या पुण्याला पेट्रोलाची चव लागली. मग स्कूटरचा जमाना. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेली चेतक रस्त्यात बंद पडली की तिला अलगद एका अंगावर कलती करायची, टाकीच्या कोपऱ्यात दडलेलं घोटभर पेट्रोल नळीकडे वळवायचं आणि तेवढ्यावर घर गाठायचं, हे ज्याला जमलं तो खरा गृहस्थ. काकांना ते जमायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी टाकीत डांबरगोळ्याही टाकून पाहिल्या होत्या. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच राहिलं; टाकीला कसर मात्र लागली नाही. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, आणि लिटरला ऐंशीची भाषा सुरू झाली. त्याच्या निम्म्यावर समाधान मानणारे चेतकवाले एका रात्रीत उधळे ठरले. काकांनी तो अपमान अजून पचवलेला नाही. आता त्यांच्याकडे छोटी चारचाकी आहे, पण मनातून ते ऐंशीचाच पाठलाग करताहेत.

मोजण्याची त्यांची पद्धत टाकी ते टाकी. पद्धत म्हणून ती बिनचूक आहे, यात वाद नाही. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून घ्यायचे, गाडी हवी तेवढी चालवायची, पुन्हा त्याच पंपावर त्याच नोझलने टाकी फुल करायची आणि मधल्या किलोमीटरांना या वेळी बसलेल्या लिटरांनी भागायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर आकडा येतो, तो ते मानत नाहीत. "गाडी स्वतःची तारीफ करणारच," म्हणतात. तेही बहुतेक वेळा खरं असतं.

घोळ होतो तो फुल या कल्पनेवरून. पंपावरचा पोरगा म्हणतो, "साहेब, झिरो बघा." काका झिरो बघतात, घनतेचा आकडा बघतात, डायरीत टिपतात. नोझल टक्कन बंद पडतं. बाकीचं जग इथे पैसे देऊन निघून जातं. काका मागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावतात आणि गाडी झुलवायला लागतात. टाकीतली हवा निघाली पाहिजे. मग पुन्हा नोझल. पुन्हा टक्क. पुन्हा झुलवणं. मागच्या रांगेतला रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबतो आणि मदतीला म्हणून उतरतो. त्याला वाटतं, गाडी ढकलस्टार्ट आहे. एकदा त्यांनी पाच लिटरचं माप मागितलं होतं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपाला ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलिलिटर इकडेतिकडे चालतात. माप बरोबर निघालं. काका थोडे हिरमुसले, पण तेव्हापासून तिथे त्यांना काका न म्हणता साहेब म्हणतात.

जून 2017 पासून पेट्रोलचे दर रोज सकाळी सहाला बदलायला लागले, आणि काकांच्या दिवसाला वळण आलं. लोक सहाला उठून प्राणायाम करतात, हे दर बघतात. परभणीत काय चाललंय तेही बघतात, कारण डेपोपासून लांब असल्यामुळे महाराष्ट्रात महागात महाग पेट्रोल बरेचदा तिथे मिळतं, आणि तो आकडा वाचला की पुण्याचा आकडा सोसतो. 2021 मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. पेट्रोल भरायचं तेही पहाटेच, कारण थंडीत ते दाट असतं आणि मापात जास्त बसतं. यात तथ्य असायला हरकत नव्हती, पण पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पेट्रोल एका अंशाला फुगतं ते हजारात एखादा भाग, म्हणजे पाच लिटरमागे चहाचा एक चमचा. त्या चमच्यासाठी काका घराजवळचे पंप सोडून वारज्याच्या पुढे जातात.

गाडी चालवतात मात्र सुरेख. हे मान्य केलं पाहिजे. ब्रेक मारणं त्यांना पाप वाटतं, आणि भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने आहे: जो वेग पेट्रोल जाळून कमावला तो ब्रेकमध्ये नुसता तापून जातो. म्हणून कर्वे रस्त्यावर लांबचा सिग्नल लाल दिसला की ते पाय उचलतात आणि गाडी आपल्या मनाने वाहू देतात. सेकंदांचा आकडा शून्यावर येतो आणि काका न थांबता, न घाई करता चौकातून निघून जातात. पाहत राहावं. मागे अडकलेल्या पंचवीस दुचाकीस्वारांना हे सौंदर्य दिसत नाही. टायरमध्ये हवा दर आठवड्याला, फिल्टर वेळेवर, डिकीत अनावश्यक चिंधीही नाही. या तीन-चार गोष्टी जो करील त्याचं पेट्रोल खरंच वाचेल, मग नळीला लोहचुंबक बांधा किंवा बांधू नका. काकांनी बांधलेलं आहे.

रोज सकाळी ते टेकडीवर फिरायला जातात. वेताळ टेकडीच्या अंगावर एआरएआय ही संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. कंपन्या अ‍ॅव्हरेजचा जो प्रमाणित आकडा छापतात तो अशाच संस्थांच्या प्रयोगशाळांतून येतो. गाडी बंद खोलीत रुळांवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात, वेग किती सेकंदांनी वाढवायचा आणि कधी उतरवायचा ते आधीच ठरलेलं. ना खड्डा, ना मिरवणूक, ना उलट्या बाजूने येणारा टँकर. इतर लोक तो आकडा वाचतात, आपल्या गाडीचा बघतात आणि कंपनीला शिव्या घालतात. काकांचं तसं नाही. ते कुंपणापाशी उभे राहतात आणि म्हणतात, "एक दिवस मला आत घ्या म्हणावं. यांच्यापेक्षा पावशेर जास्त काढून दाखवतो."

त्यांचा खरा मोसम म्हणजे गावाला जाणं. गाव कोल्हापूरच्या पुढे, कागलच्या बाजूला. निघायच्या आदल्या रात्री बॅगा वजनकाट्यावर जातात. एकदा तर त्यांनी स्टेपनी काढून घरी ठेवली होती. पुढचं सांगत नाही, पेठनाक्याच्या अलीकडे झालं. हायवेला लागल्यावर काटा साठच्या वर जात नाही. डावीकडून लाल एसटी पुढे जाते, कंडक्टर मान वळवून बघतो. एसी बंद, काचा खाली, काकूंच्या केसांचं काय व्हायचं ते होतं. खंबाटकीचा उतार आला की काका गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. घाटाघाटात "उतारावर न्यूट्रल टाकू नका" अशा पाट्या असतात, त्या त्यांच्या मते ट्रकवाल्यांसाठी होत्या. काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणत.

ते सुटलं गॅरेजवाल्यामुळे. तो म्हणाला, "काका, तो कार्ब्युरेटरचा जमाना गेला. आता उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलंत की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावं लागतं. तुम्ही उतारावर जाळत होतात!" ब्रेक तापून निकामी होतील हे काकू वर्षानुवर्षं सांगत होत्या, त्याने काही फरक पडला नव्हता. गॅरेजवाल्याचं हे ऐकून मात्र काका त्या दिवशी जेवले नाहीत. आता ते गिअरमध्ये उतरतात आणि हा शोध आपणच लावला असं सांगतात. काकूंची रामरक्षा चालूच आहे, सवयीने.

गावाला भाऊ दहा किलोचा गुळाचा रवा गाडीत ठेवायला आणतो. काका म्हणतात, "पाच किलोचा दे." भावाला वाटतं, दादाला साखर निघाली. परत निघण्याआधी हद्दीपलीकडे कोगनोळीला जाऊन टाकी भरायची, कारण कर्नाटकात पेट्रोल बहुतेक वेळा थोडं स्वस्त असतं. आणि टाकी ते टाकीचा नेम तिथे मोडतो म्हणून रात्री झोप लागत नाही.

मागच्या खेपेला घरात चांगलीच जुंपली. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं गेलं. लिटरभर इथेनॉलात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं पडतंच. काकांच्या डायरीत ते पडलेलं दिसतं, लाल शाईने. जेवताना ते भावावर घसरले, "तुमच्या उसाने माझं अ‍ॅव्हरेज खाल्लं!" भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, त्यातला अर्धा एकर तुझ्या नावावर आहे. कारखान्याचं बिल तुझ्याच खात्यावर जमा होतं." काकांनी भाताला हात लावला आणि विचारलं, "यंदाची उचल किती म्हणाले?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस काटकसरी आहे, पैसे तरी वाचवतो. मलाही तसंच वाटत होतं. पण जवळच्या कामाला गाडी काढली की अ‍ॅव्हरेज पडतं. थंड इंजिन, दोन किलोमीटरचं अंतर, चार सिग्नल. असल्या फेऱ्यांत कुठलीही गाडी जास्तच पिते. म्हणून काका असल्या कामांना गाडी काढतच नाहीत. भाजीला रिक्षा, दवाखान्याला रिक्षा, नातवाच्या बारशाला पावसात जाताना दोन रिक्षा. गेल्या दिवाळीत काकूंनी लेखी हिशेब मांडला. त्यांची वही वेगळी असते. वर्षाचं रिक्षाभाडं पेट्रोलच्या खर्चाच्या वर गेलं होतं. काकांनी वही वाचली, बेरीज तपासली, एक हातचा चुकला होता तो दुरुस्त केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण याचा अ‍ॅव्हरेजशी काय संबंध?"

काहीच नव्हता. रुपये वाचवणारे लोक निराळे असतात, ते रांगेत उभं राहून सीएनजी भरतात किंवा पीएमपीचा पास काढतात. काकांना हवा असतो आकडा, चारचौघांत सांगण्याजोगा, दशांश चिन्हासकट. "एकवीस पॉइंट चार," असं ते म्हणतात तेव्हा दहावीला बोर्डात आलेल्या मुलाचे मार्क सांगणाऱ्या बापाचा चेहरा आठवतो. त्या आकड्यापुढे रिक्षाचे पैसे, भावाचा गूळ आणि काकूंचे केस यांची किरकोळ खर्चात नोंद होते.

तेव्हा नवी गाडी घ्याल, फाटकातून आत याल आणि खांबाआडून प्रश्न येईल, तर खरं सांगायच्या भरीला पडू नका. आधी त्यांचा आकडा विचारा, मग आपला त्याच्यापेक्षा दोनाने कमी सांगा. ते लगेच खाली बसतील, चारही टायरांची हवा फुकट तपासून देतील आणि पेढाही दोनदा घेतील.