तौलनिक टेम्पोशास्त्र

विजेवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू वाहनांची खरेदीपूर्व तुलना ही छत्रपती संभाजीनगरात बहरू लागलेली नवी ज्ञानशाखा असून, पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर, आणि भारक्षमता, म्हणजे गाडीवर कायद्याने लादता येणारे वजन, हे तिचे दोन आधारस्तंभ होत. 2022 मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीचा प्रमाणित पल्ला 154 किलोमीटर व भारक्षमता 600 किलो, तर 2024 च्या एस ईव्ही 1000 चा पल्ला 161 किलोमीटर व भारक्षमता एक टन आहे. या सात किलोमीटरांवर अभ्यासक रात्ररात्र खल करतात. मात्र भाजीबाजारात ‘एक टन’ ही कमाल मर्यादा नसून किमान अपेक्षा समजली जात असल्याने, चाचणीच्या नियमबद्ध भाराने सिद्ध झालेला पल्ला कांद्याच्या सातव्या थरासोबत कसा आक्रसतो, हा रकाना तक्त्यात कोरा राहतो. तसाच कोरा राहणारा दुसरा रकाना म्हणजे रात्रीचे चार्जिंग कोणाच्या मीटरवर व्हायचे हा होय.

ऑक्टोबर 2010 मध्ये याच शहरातील धनिकांनी एकजुटीने 150 मर्सिडीज मोटारी घेतल्या, तेव्हा घासाघीस सवलतीची झाली आणि तुलना शेजाऱ्याशी. यावरून असा सिद्धान्त मांडता येतो की, वाहन जितके अनावश्यक तितका निर्णय सोपा असतो, आणि ज्याच्यावर पोट चालायचे त्याच्यासाठीच माणसाला संशोधक व्हावे लागते.