पन्नासाला एक

साहेबांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत त्यांना माघारी ‘पन्नासाला एक’ म्हणतात आणि तोंडावर ‘साहेब’. पाटबंधारे खात्यात ते मोजणीदार होते. शंकरराव चव्हाणांच्या नावाच्या प्रकल्पातून गोदावरीचं पाणी उपसून लोहा-कंधारकडे जातं. त्यातलं कुणाच्या रानात किती गेलं, हे वहीत उतरवता उतरवता त्यांची नोकरी सरली. “पाणी आम्ही मोजायचो, अन् ऊस न मोजता वाढायचा,” असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर वही रिकामी पडली. मग घरामागच्या दीड एकराच्या तुकड्यावरचं गवत काढायला त्यांनी ब्रश कटर घेतला आणि वहीला पुन्हा काम लागलं. आयुष्यभर क्युसेकमध्ये चाललेला हिशेब मिलिलिटरवर आला.

असा माणूस प्रत्येक वस्तीत एक असतो. आपण वस्तू घेतली की खोकं माळ्यावर टाकतो आणि माहितीपुस्तिका खोक्यातच राहते. हा माणूस आधी पुस्तिका बाहेर काढतो, मग वस्तू. साहेबांनी ती इंग्रजीतून वाचली, हिंदीतून वाचली आणि तमिळ पानांवरची चित्रंही पाहून घेतली. एखादी अट कंपनीनं फक्त तिकडेच घातली असली तर?

टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं साधं आहे. त्याला ऑइलची वेगळी टाकी नसते. ऑइल पेट्रोलमध्येच कालवून द्यायचं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, क्रँकला, पिस्टनला वंगण देतं आणि जळून धुरातून बाहेर पडतं. म्हणजे इंजिनाचं आयुष्य कॅनमध्ये काय आणि किती ओतलं यावर ठरतं. आजच्या बऱ्याच ब्रश कटरना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागतं, लिटरला २० मिली. काहींना चाळीसाला एक, म्हणजे २५ मिली. काहींना पंचविसाला एक, म्हणजे ४० मिली. हे झालं पुस्तिकेतलं. गावात सगळ्या मशिनींना एकच माप चालतं, आणि ते म्हणजे टोपण.

“कोणतं टोपण?” हा साहेबांचा पहिला प्रश्न. ऑइलच्या बाटलीचं असतं, पाण्याच्या बाटलीचं असतं, खोकल्याच्या औषधाचं असतं. शेवटचं त्यातल्या त्यात बरं. त्याला निदान रेघा तरी असतात.

स्वतः साहेब टोपणाच्या वाटेला गेले नाहीत. विष्णुपुरीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, दवाखाना आहे, त्यामुळे मेडिकल दुकानं हाकेच्या अंतरावर. साहेब गर्दीत उभे राहिले. पुढचा सलाइन घेऊन गेला, त्याच्यामागचा ग्लोव्हज घेऊन गेला.

“वीस एमएलची सिरिंज द्या.”

“सुई कितीची?”

“सुई नको.”

“पेशंट कोणत्या वॉर्डात हाय काका?”

“शेतात.”

पोरानं चिठ्ठी मागितली तेव्हा साहेबांनी पुस्तिकेचं चौदावं पान काउंटरवर ठेवलं. तेव्हापासून लिटरभर पेट्रोलला एक भरलेली सिरिंज, असा त्यांचा डोस आहे. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग हलवणं, मग उरलेलं पेट्रोल, मग परत हलवणं. हलवताना ते घड्याळाकडे बघतात. पुस्तिकेत सेकंद दिलेले नाहीत, याची त्यांना खंत आहे.

ऑइलच्या दर्जाबाबत तर बोलायची सोय नाही. लातूर पॅटर्नच्या क्लासबाहेरचा बाप पोराचे मार्क विचारतो, तसे ते बाटलीची श्रेणी विचारतात. जपानी मोटार उद्योगाच्या ‘जासो’ मानकात टू-स्ट्रोक ऑइलच्या पायऱ्या आहेत: एफबी, एफसी, एफडी. पहिली एफए केव्हाच बाद झाली. वंगण किती, धूर किती, इंजिन आतून किती स्वच्छ राहतं, सायलेन्सरचं तोंड किती बुजतं, अशा परीक्षा घेऊन हा दर्जा ठरतो. एफडी सर्वांत वरचा. धुराच्या बाबतीत तो एफसीसारखाच, पण स्वच्छतेत पुढे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या तोडीला ‘ईजीडी’ असतं. हे सगळं बाटलीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. ते वाचायला साहेबांच्या खिशात भिंग असतं. दुकानदार समोर बाटली ठेवतो आणि म्हणतो, “एक नंबर माल हाय साहेब.” साहेब म्हणतात, “नंबर नको, अक्षर दाखवा.”

त्यांच्या विरुद्ध पक्षाचे पुढारी म्हणजे शेजारचे पाटील. पाटलांचा युक्तिवाद इतिहासातून येतो. “लुनाला जे टाकलं, राजदूतला जे टाकलं, तेच ह्याला टाकायलोय. काय झालं? काई झालं नाई.” त्या काळी पंपावर पेट्रोलच्या मशीनशेजारी ऑइलचा हातपंप असायचा आणि पंपावरचा पोरगा गाडीकडे न बघता दोन दाबे मारून मोकळा व्हायचा, हेही पाटील आठवणीनं सांगतात. साहेब उत्तर देतात की लुना पाटलांना घेऊन चालायची, तिचं इंजिन मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे फिरत नव्हतं. ब्रश कटरचं फिरतं, तेही उन्हात, एका जागी, वाऱ्याची झुळूक नसताना. पाटील म्हणतात, “मनूनच तर मी एक टोपण जास्त टाकतो.” इथे साहेब डोळे मिटतात. कारण जास्त ऑइल ही इंजिनावरची माया नसते. प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या जाळीत कार्बन साचतो, मशीन दम टाकते. पाटलांच्या मशीनला दम नाही, हे खरं आहे. पण ती आठ वर्षं बिनदमाची चालते आहे, हेही खरं आहे, आणि साहेबांना झोप न लागण्याचं ते एक कारण आहे.

अधिक महिन्यात धोंड्याला जावई आले. ते मुंबईकडे बोटींच्या कामात आहेत. सासऱ्यांची आवड ओळखून त्यांनी टू-स्ट्रोक ऑइलची देखणी बाटली आणली. साहेबांनी भिंग काढलं. बाटलीवर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं होतं. हे बोटीच्या इंजिनाचं ऑइल. बोटीचं इंजिन पाण्यावर थंड राहतं, म्हणून त्या ऑइलची घडण वेगळी असते. हवेवर थंड होणाऱ्या, तापणाऱ्या इंजिनात ते काम नीट करत नाही. साहेबांनी जावयांना हे समजावून सांगितलं. अनारसे खाऊन होईपर्यंत सांगितलं. साहेबांच्या पत्नी, सगळ्यांच्या मावशी, आतून म्हणाल्या, “अवो, जावई हायेत ते. घ्या की ठेवून.” साहेबांनी बाटली ठेवून घेतली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘गोदावरीत बोट घेतल्यास वापरणे.’

वॉरंटी हा साहेबांचा खरा गाभ्याचा विषय. ऑइल हे त्याचं निमित्त.

दुकानदार सांगतो की कंपनीचंच ऑइल वापरा, नाहीतर वॉरंटी गेली समजा. साहेब विचारतात, “पुस्तिकेत ‘आमचंच’ लिहिलंय का ‘या दर्जाचं’ लिहिलंय?” दुकानदारानं पुस्तिका कधी उघडलेली नसते, त्यामुळे पहिला डाव साहेबांचा. आणि प्रश्न रास्तच आहे. कंपनीगणिक मजकूर बदलतो. कुठे कंपनीच्या ऑइलची शिफारस असते आणि ते नसेल तर अमुक दर्जाचं चालेल असं असतं. कुठे आणखी गंमत असते: आमचं ऑइल असेल तर पन्नासाला एक, दुसऱ्याचं असेल तर पंचविसाला एक. म्हणजे परक्याचं ऑइल दुप्पट घाला. साहेबांच्या मते कंपन्यांमध्ये इतका मोकळा अविश्वास दुसरीकडे कुठेही छापून मिळत नाही.

मग ते २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर येतात. तो २० जुलै २०२०पासून लागू झाला, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि एक वस्तू देताना दुसरी घ्यायलाच लावणं ही अडवणूक कायद्याला मान्य नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते कलम वॉरंटीतल्या ऑइलला कितपत लागू पडतं यावर त्यांचं आणि त्यांच्या वकील भाच्याचं एकमत नाही. भाच्याचं म्हणणं असं, की मामा, आधी मशीन तरी बिघडू द्या.

मशीन बिघडणार कशी? ती चालली तर बिघडेल. साहेबांच्या वहीत रकाने आहेत: तारीख, पेट्रोल, ऑइल, बाटलीचा बॅच नंबर, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. कालवलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवावं असं पुस्तिका म्हणते. महिना भरत आला की साहेब राहिलेलं पेट्रोल काढून टाकतात आणि नवं कालवतात. तोवर गवत गुडघ्याला लागलेलं असतं. एकदा पाटलांची म्हैस त्यात दिवसभर दिसली नव्हती.

पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं तेव्हा साहेबांची परीक्षाच झाली. त्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा छापलेली. इथेनॉल पाणी ओढतं. साठवून ठेवलेल्या पेट्रोलात पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी उतरतात, आणि वरच्या पेट्रोलातलं ऑइल तळाशी असलेल्याच्या उपयोगाला येत नाही. साहेबांनी काचेच्या मोजपात्रात पंपावरचं पेट्रोल घेतलं, त्यात मोजून पाणी टाकलं, हलवलं आणि अंगणात सगळ्यांना दाखवलं. खालचा पाण्याचा थर फुगलेला होता. “हे बगा, इथेनॉल खाली आलं.” पाटील म्हणाले, “साहेब, हे कुठून येते मनतेत?” “उसाच्या मळीतून, रसातून.” “अन् ऊस कुणाच्या पाण्यावर?” साहेब गप्प बसले. पाणी त्यांनीच तर मोजून दिलं होतं. ते लोहा-कंधारला गेलं, उसात उतरलं आणि आता पंपावरून परत येऊन त्यांच्याच कार्बोरेटरमध्ये बसलं होतं.

तरी विष्णुपुरीत कुणाची मशीन बसली की लोक मिस्त्रीच्या आधी साहेबांकडे येतात. गेल्या हंगामात पाटलांचा पेट्रोलवरचा फवारणी पंप बंद पडला. पाटील गावाला गेले होते; सालगड्यानं नवीन पेट्रोल आणलं आणि तसंच टाकलं, ऑइलचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी चष्मा बदलला, सायलेन्सर सोडवला आणि टॉर्च लावून भोकातून पिस्टन बघितला. पिस्टनवर उभ्या रेघा पडल्या होत्या. सर्व्हिस सेंटरवालेही आधी इथेच बघतात. कोरडं पेट्रोल टाकलं होतं का, ते पिस्टन लपवत नाही. मग ब्लॉक-पिस्टन बदलण्याचं बिल मालकाच्या नावावर.

“वॉरंटी?” पाटलांनी फोनवरून विचारलं.

“पिस्टननं सगळं कबूल केलंय.”

पाटील सालगड्यावर तापले तेव्हा साहेबांनी सालगड्याची बाजू घेतली, हे मात्र नोंदवलं पाहिजे. ते म्हणाले, मशीनवर चिठ्ठी कामून लावली नाई? दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मराठीत चिठ्ठी लिहून पाटलांच्या कॅनवर चिकटवली. शेजारी सिरिंजही दोरीनं बांधली. पाटलांच्या घरी ती सध्या देवासमोरच्या दिव्यात तेल घालायला वापरतात.

आणि मग साहेबांची मशीन खरंच बिघडली. दोरी ओढून हात दुखले तरी प्लगला ठिणगी येईना. कॉइल गेली होती. ऑइलचा काही संबंध नव्हता. वॉरंटी संपायला अजून दोन महिने होते. साहेबांनी फाइल काढली तेव्हा त्यांचा चेहरा मुलीच्या लग्नात होता त्याहून प्रसन्न होता, असं मावशी सांगतात. वही, ऑइलची पक्की बिलं, रिकाम्या बाटल्या, वॉरंटी कार्ड, पुस्तिका, खोकं, खोक्यातला थर्माकोल, सगळं रिक्षात घालून ते नांदेडला गेले. दुकानदारानं वही चाळली. बाटल्या पाहिल्या. थर्माकोलला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, “मशीनचं बिल द्या.”

बिल साहेबांनी प्राणापलीकडे जपलं होतं. कच्चं नव्हे, जीएसटीचं पक्कं. ते खराब होऊ नये म्हणून घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यापीठाच्या गेटाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं होतं. दुकानदाराचं बिल मात्र थर्मल कागदावरचं होतं. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनं अक्षर उमटतं. लॅमिनेशनच्या गरम रुळांतून जाताना त्याच्यावर एकदम सगळीच अक्षरं उमटली. फाइलमधून निघाला तो चकचकीत, जाड, टिकाऊ, पूर्ण काळा आयत.

दुकानदारानं तो उजेडाकडे धरला. उलटा केला.

“साहेब, यात तारीख कुठली समजावी?”

साहेबांनी भिंग काढलं, आणि परत खिशात ठेवलं. दुकानाच्या कॉम्प्युटरमधलं जुनं काही सापडेना. कॉइलचे पैसे साहेबांनी रोख मोजले, बिल मागितलं आणि ते आधी समोरच्या दुकानात नेऊन त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

यंदा मृगाच्या आधी ते पुन्हा नांदेडच्या बाजारात दिसले. सरकारी अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर त्यांच्या अर्जाचा नंबर लागला होता आणि बॅटरीवरचा फवारणी पंप घ्यायचा होता. विक्रेता पोरगा उत्साहानं दाखवत होता: धूर नाही, आवाज नाही, रात्री चार्जिंगला लावा, सकाळी फवारा. साहेबांनी पंप उलटा-सुलटा करून पाहिला.

“ऑइल कोणतं लागते याला?”

“काका, बॅटरीवरचा हाय. याला ऑइल नसते.”

साहेबांनी संशयानं त्याच्याकडे बघितलं.

“मग वॉरंटी कशावरून नाकारता?”