रतीबवाले काकाजी

कळमेश्वरकडून धरमपेठेत दूध घेऊन येणारे आमचे काकाजी म्हणजे एक माणूस नव्हे, अख्खी जमात आहे. मोटरसायकलीच्या दोन्ही अंगांना कॅन, डोक्याला दुपट्टा, मोसमात हँडलला संत्र्यांची थैली, आणि घराघरातल्या घडामोडी दुधाच्या मापावरून ओळखायची विद्या. अर्धा लिटर वाढलं की पाहुणे, एक लिटर घटलं की सून माहेरी. हे शास्त्र कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते शेजारच्या वहिनींच्या दारात.

"काकाजी, उद्यापासून एक लिटर कमी. मुलगा व्हेगन झालाय."

काकाजींचा चेहरा उजळला. "वॅगन? म्हन्जे रेल्वेत लागला का जी! अजनीले का इतवारीले? काढा मंग पेढे!"

पेढेही बंद झाल्याचं वहिनींनी सांगितलं. दूध, दही, तूप, मध, सगळंच. काकाजींनी आवाज खाली आणला. "डाक्टरले दाखवलं का?"

मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी 'व्हेजिटेरियन'ची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून हा शब्द केला. "म्हन्जे मधातली मलाई काढून घेतली म्हना," काकाजी म्हणाले.

सासुरवाडी वर्ध्याची, त्यामुळे गांधीजींचा दाखला त्यांच्या खिशातच असतो. दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारी फुंक्याची क्रूरता कळल्यावर गांधीजींनी दूध सोडलं, पण मोठ्या दुखण्यात कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढून दिली. "बा होती म्हनून निभावलं," काकाजींचा निष्कर्ष. "पोट्ट्याचं लगन करून टाका."

पोरगा गुणी, बरं का. थट्टेने चिडणारा नव्हे. वासराला आईपासून लांब का बांधता, हा त्याचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता, आणि त्यावर काकाजींकडे उत्तर नव्हतं. ते लगेच सरकीच्या ढेपेच्या भावावर घसरले.

पुढच्या रविवारी तो काकाजींची संत्र्याची बाग बघायला गेला. सोबत मीही होतो. आंबिया बहाराची फुलं, वाऱ्याबरोबर येणारा तो वास; पोरगा हरखून गेला. मग विचारलं, "काका, संत्री सेंद्रिय ना?"

काकाजींनी अभिमानाने ड्रम उघडला. जीवामृत! आपल्या अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी गाजवलेलं, ज्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. "दोनशे लिटर पानी, दहा किलो शेन, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, अन बांधावरची मूठभर माती."

पोरगा दोन पावलं मागे सरला. शेण गाईचं, गोमूत्र गाईचं. म्हणजे संत्रंसुद्धा व्हेगन नाही!

"मंग युरिया टाकू का?"

"नको, नको!"

"म्हन्जे शेन नाई, युरिया नाई. झाडाले प्रवचन देऊ का बापू?"

जेवायला काकूंनी ज्वारीची भाकर, बेसन, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. वर कोरा चहा. पोराने ताटाकडे निरखून पाहिलं आणि एकदम ओरडला, "काका, तुम्हीच तर व्हेगन आहात!"

काकू पदराआडून बोलल्या, "तर काय जी. सगळं दूध तर कॅनमदी जाते. लग्न झालं तवापासून मले दुधाचा चहा सणालेच भेटते."

काकाजी मात्र वेगळ्याच हिशेबात होते. पोरगा घरी सोयाबीनचं दूध पितो, हे कळल्यापासून ते बेचैन. आपल्या सोयाबीनला व्यापारी भाव देईना, आणि तेच भिजवून, वाटून, गाळून डब्यात भरलं की साध्या दुधापेक्षा महाग! "आपन उगाच म्हशी पाळून रायलो. न ढेप, न डाक्टर, लाथही मारत नाई."

सध्या त्यांचं शास्त्र पुन्हा ताळ्यावर आलंय. सकाळी सहाला वहिनींच्या मागच्या फाटकाशी मोटरसायकल थांबते, इंजिन आधीच बंद केलेलं. वहिनी पातेलं पुढे करतात. सासऱ्यांचा चहा काही सुटलेला नाही. माप ओतता ओतता काकाजी वर खिडकीकडे पाहतात आणि हळूच विचारतात, "रेल्वेवाला झोपून हाय ना?"