गाणी लावणारा माणूस

घरगुती पार्टीत गाणी लावण्याचं काम कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. ज्याच्या फोनला चार्जिंग भरपूर आणि स्वभाव भिडस्त, तो त्या संध्याकाळचा डीजे. वाढदिवस असो, वास्तुशांत असो की परदेशी निघालेला भाचा असो. सोफे भिंतीला लागतात, ब्लूटूथचा स्पीकर शोकेसमधल्या ट्रॉफ्यांशेजारी जाऊन बसतो आणि हा गृहस्थ पंगतीत वाढणाऱ्यासारखा ज्याच्या-त्याच्या पानाकडे बघू लागतो. कुणाला काय हवं, कुणाला काय नको, कोण नुसतंच चिवडतंय.

पूर्वी ही जबाबदारी आकाशवाणीची होती. 'आपली आवड'ला पत्र टाकायचं आणि रेडिओला कान लावून बसायचं. गाणं लागेल तेव्हा लागेल. आवडीला धीर होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, पण ती तीन मिनिटं त्या गाण्याची हक्काची असत. आता फर्माईश खांद्यावरून येते आणि चालू गाण्याला दुसरा अंतरा सहसा बघायला मिळत नाही.

व्यावसायिक डीजेपुढे दोन टर्नटेबलं असतात. एकावरचं गाणं सरत आलं की दुसऱ्यावरचं त्याच ठेक्यात अलगद मिसळायचं, मध्ये फट पडू द्यायची नाही. घरी ती पडतेच. गाण्यावर आवाज चढवून बोलणाऱ्यांना गाणं थांबल्याचं कळायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात "पण सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही!" हे वाक्य सबंध हॉलमध्ये एकटंच उभं राहतं. सासूबाई तिथेच, ढोकळ्याची बशी घेऊन. अशा वेळी हाताशी 'झिंगाट' लागतं. २०१६ साली 'सैराट' आला आणि अजय-अतुल यांनी महाराष्ट्रातल्या अवघड क्षणांची कायमची सोय करून ठेवली.

पण खरी पंचाईत वयांची. काकांना रफी हवा, वहिनींना नव्वदच्या दशकातलं काहीतरी, पोरांना कालच आलेलं. प्रत्येकाला वाटतं, आपण गाणं सांगतोय. खरं तर तो आपलं विसावं वर्ष मागत असतो. ते लागलं की गुडघे दुखायचे थांबतात, एरवी पदर सावरून बसलेल्या आत्याबाई दोन पावलं पुढे येतात. दुसऱ्याच्या विसाव्या वर्षावर मात्र नाचता येत नाही. त्याचं लागलं की बाकीचे पाणी प्यायला उठतात.

रात्री दहाला कायदा आठवतो. म्हणजे खालच्या मजल्यावरून त्याची आठवण करून दिली जाते. मग ढोल-ताशांची गाणीही गुपित सांगितल्यासारखी वाजू लागतात. त्या सुमारास यजमानांचं कोपऱ्याकडे लक्ष जातं. "अरे, आता तुझ्या आवडीचं एखादं लाव की!" तो गडबडतो. संध्याकाळभर इतरांची विशी चाळताना स्वतःची कुठे ठेवली, ते चटकन सापडत नाही. सापडते तेव्हा तो जरा लाजतच बटण दाबतो, आणि माणसं पाणी प्यायला उठतात. तो रागावत नाही. दुसऱ्या अंतऱ्याच्या आत कुणीतरी 'झिंगाट' म्हणून ओरडणार, हे त्याला ठाऊक असतं. पण तोवरचा पहिला अंतरा त्याचा.