डोंगराचा आकार

नातेपुतेकरांनी शंभू महादेवाचे आभार मानावेत आणि महादेवाने बेसाल्टचे. शिखर शिंगणापूरच्या डोंगररांगेत लाव्हारसाचा काळा कातळ आहे, कोळसा नाही. कोळसा असता तर चैत्रात कावडी चढवायला मुंगी घाट उरला नसता. देवाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला असता, पुनर्वसन वसाहतीत दीड गुंठा जागा, आणि बेलाच्या झाडाची भरपाई पंचनाम्यानंतर. ही थट्टा वाटत असेल तर गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्याकडे पाहा. तिथे सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे आणि डोंगरात लोहखनिज. 2007 मध्ये 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, 2021 पासून उत्खननाने जोर धरला. महादेवाच्या आणि ठाकूरदेवाच्या भक्तांच्या श्रद्धेत काडीचा फरक नाही. फरक देवांच्या पायाखालच्या दगडात आहे.

कोळसा नसला तरी कोळशाची वीज मात्र आपल्याकडे आहे. कोळशाची एकही खाण नसलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहेरवाडीजवळ 1,320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे. कोळसा रेल्वेने येतो, पाणी उजनीतून. आता घरचं वीजबिल उलगडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि त्याखाली वीज शुल्क. एका कागदावर इतके आकार, पण ज्याचा आकार खरोखर गेला त्या डोंगराचा आकार कुठे नाही. म्हणून तो खर्च होत नाही असं नाही. खर्च होतोच, फक्त बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: डोंगराची टोकं उडवून कोळसा काढतात ते अमेरिकेत, आपल्याकडे नाही. खरं आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीत सुरुंगाने माथे उडवले, राडारोडा दऱ्यांत ढकलला आणि सुमारे 2,000 मैल लांबीचे ओढे गाडले. खाणीनंतर जमिनीला जवळपास मूळचा उतार परत द्यावा असा कायदा तिथे 1977 चा आहे; माथा कापणाऱ्यांना त्याच कायद्यात सूटही आहे. आपण मात्र स्वदेशी पद्धत शोधली. ते डोंगराचं सपाट मैदान करतात, आपण चंद्रपुरात सपाट मैदानाचे डोंगर करतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खुल्या खाणीत टनभर कोळशासाठी त्याच्या कितीतरी पट माती-दगड उपसावे लागतात, आणि इरई-वर्धेच्या खोऱ्यात त्यांचे ढिगारे गावांच्या डोक्यावर उभे राहतात. त्यावर चार रोपं लावली की अहवालात जंगल तयार होतं. पाऊस अहवाल वाचत नाही. तो माती उतरवून नाल्यात आणि नदीत नेऊन टाकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. राज्याला उजेड देणाऱ्या जिल्ह्याला एवढा मान मिळायलाच हवा.

खाण बंद झाली की हिशेब मिटला, हेही खरं नाही. 26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्याच घुग्गुसमध्ये जुन्या भूमिगत खाणीवर वसलेल्या वस्तीत एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या पोकळीतला कोळसा कधीच जळून गेला होता, त्याचा उजेड विझला होता, त्याची बिलंही भरून झाली होती. राहिलेली बाकी मात्र वसूल झाली, तीही ज्याने तो कोळसा जाळला नाही त्याच्याकडून.

दुसरा आक्षेप: सरकार भरपाई देतं की! देतं, आणि तीही मोजून पाहू. कोळशावर स्वामित्वधन 14 टक्के. जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या कोळशामागे खाणग्रस्त जिल्ह्याला 4 रुपये 20 पैसे. त्यात धूळ, पाणी, तडे गेलेल्या भिंती आणि खोकला, सगळं आलं. 2010 मध्ये टनामागे 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकरही लावला होता, तो 2016 पर्यंत 400 वर गेला. डोंगराचा आकार म्हणावा असा तो एकच आकार होता. पण 2017 मध्ये जीएसटी आला आणि त्या 400 रुपयांचा राज्यांच्या बुडालेल्या महसुलाची भरपाई करणारा उपकर झाला. नुकसान डोंगराचं, भरपाई तिजोरीला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हा खर्च बिलात घातला तर गरिबाने दिवा लावायचा की नाही? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल तर 2024 पासून सरकारच भरतं. शेतकऱ्याला पाणी उपसायला वीज हवी, यात वाद नाही. वाद एवढाच आहे की स्वस्ताईचा भार कोणी उचलायचा. आज तो चंद्रपूरचा गरीब उचलतो, नातेपुत्यातल्या गरिबासाठी आणि पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित दिवाणखान्यांसाठीही. एका गरिबाच्या फुफ्फुसातून दुसऱ्याला सवलत देण्याला कल्याणकारी राज्य म्हणत नाहीत. खर्च कागदावर आला की तो श्रीमंताच्या युनिटवर जास्त लावता येतो, सौर पंप खरोखर महाग की स्वस्त तेही कळतं, आणि वसूल झालेला पैसा खाणीच्या गावात परत पाठवता येतो. कागदावर न आलेल्या खर्चाचं यातलं काहीच करता येत नाही. तो फक्त सोसता येतो.

तेव्हा पुढचं बिल आलं की त्यावरचे आकार एकदा मोजा. एक कमी भरेल. तो घुग्गुसच्या लोकांनी तुमच्या वतीने भरलेला आहे, पावती न घेता.