पुढची चाकं आणि माझं मोदकपात्र

मेलबर्न,
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "गॅरेजमध्ये इतका वेळ करतो तरी काय तो?" आणि तुमचे चिरंजीव "काही नाही, जरा सर्व्हिसिंग" असं म्हणून फोन मुलांच्या हाती देतात. खरं काय ते कुणीतरी लेखी कळवायला हवं, म्हणून मी बसले. सर्व्हिसिंग वगैरे काही नव्हतं. ह्यांनी गाडीच्या पुढच्या डिफरन्शियलला लॉकर बसवला.

गाडी तुम्ही पाहिलीय. टोयोटाची लँडक्रूझर, 80 सीरिज, 1996 सालची. आमच्या लग्नाहून जुनी आणि ह्यांच्या मते घरातली सर्वांत समजूतदार. मागच्या ॲक्सलला लॉकर आधीच्या मालकाने बसवूनच दिला होता. संसार बरा चालला होता. पण माणसाला मागचं मिळालं की पुढचं हवंसं वाटतं.

पुढचा परिच्छेद बाबांसाठी. आईंनी तेवढ्या वेळात चहा टाकावा.

बाबा, गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. डांबरी रस्त्यावर ही सोय फार चांगली. खडकाळ चढावर मात्र एक चाक अधांतरी राहिलं की तेच गरागरा फिरत बसतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. कारण साधा डिफरन्शियल दोघांना जोर सारखाच देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच येतो, म्हणजे जवळजवळ शून्य. आपल्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचं होतं ना, समोरच्या बिऱ्हाडाने अकरा रुपये टेकवले की आपणही अकराच, अगदी तसं. लॉकर ही मुभाच काढून घेतो. दोन्ही चाकं एका वेगाने फिरतात आणि ज्याची जमिनीवर पकड आहे ते गाडी पुढे नेतं.

आता पुढचाच का? तर उभ्या चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची बाजू हलकी पडते आणि दगडाची पायरी आली की पुढचं एखादं चाक उचललं जातं. मागची दोन्ही चाकं ढकलून ढकलून थकतात, पण पुढून ओढणारं कुणी नसतं. हे सगळं मला रात्री अकरा वाजता, भाजीच्या हिशेबाच्या कागदावर आकृती काढून समजावण्यात आलं. त्याच कागदाच्या कोपऱ्यात लॉकरची किंमत होती. तुम्हा दोघांच्या इकडे येण्याच्या तिकिटांचा विषय ह्यांनी मध्यंतरी का टाळला, ते मला तेव्हा उमगलं.

लॉकर हवेवर चालणारा आहे. एआरबी कंपनीचा, जी 1975 साली इथे मेलबर्नमध्येच सुरू झाली. म्हणजे ह्यांच्या दृष्टीने स्वदेशीच. बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर बसतो. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की बारीक नळीतून साधारण 100 पीएसआयची हवा डिफरन्शियलच्या पोटात जाते, आतला पिस्टन सरकतो आणि दोन्ही बाजू जखडल्या जातात. बटण बंद केलं की हवा सुस्कारा सोडून बाहेर येते आणि स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते.

कामाला शनिवारी सकाळी सुरुवात झाली. "वीकएंडचं काम आहे," असं मला सांगितलं होतं. कुठल्या वीकएंडपर्यंतचं, ते सांगितलं नव्हतं. पुढचा डिफरन्शियल बाहेर काढायचा तर आधी दोन्ही बाजूंचे ॲक्सल ओढून काढावे लागतात, आणि ॲक्सल काढायचे तर चाकांमागचे मोठे गोल नकल उघडावे लागतात. ते उघडल्यावर आतून जे बाहेर आलं ते मी लिहीत नाही, कारण आई हे पत्र जेवताना वाचतील. आतलं ऑइल सील गेलेलं, त्यामुळे डिफरन्शियलचं तेल आणि ग्रीस एकजीव होऊन काळा रस्सा झालेला. हे आनंदाने ओरडले, "बघ, उघडलं म्हणून कळलं!" तेव्हापासून लॉकरचा खर्च हा खर्च राहिला नाही, दूरदृष्टी झाली. नवीन सील, नवीन बेअरिंग, नवीन ग्रीस. माझे जुने टॉवेल गेले, मग नवे गेले.

मग आला तो प्रसंग. डिफरन्शियलच्या जुन्या कॅरियरवरची क्राउन गिअर, म्हणजे मोठं दातेरी चाक, काढून लॉकरवर चढवायची होती. ती इतकी घट्ट बसते की गार असताना चढत नाही. उकळत्या पाण्यात तापवली की केसभर फुगते आणि अलगद उतरते. टोयोटाच्या पुस्तकातही तसंच आहे म्हणे. पुस्तकात भांडं कुठलं ते नसावं, कारण मी मुलांना पोहायला सोडून परत आले तर गॅसवर माझं मोदकपात्र, झाकणातून वाफ निघतेय, आणि समोर हे हातमोजे घालून घड्याळाकडे बघत उभे. मी झाकण उचललं. आत मोदक नव्हते. आई, तुम्ही दिलेलं मोदकपात्र ते. ह्यांचं उत्तर: "उकडच काढतोय."

पुढचे दोन तास घरात चिडीचूप. क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये 0.15 मिलिमीटरच्या आसपास फट ठेवायची असते. जास्त झाली तर गिअर वाजतात, कमी झाली तर तापून खलास होतात. डायल गेज लावून नट किंचित इकडे, किंचित तिकडे. मग दातांना पिवळा रंग फासून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघायचं. नाही उमटला तर पुन्हा पहिल्यापासून. कांदेपोह्यांत मीठ किती, असं विचारल्यावर "घाल अंदाजाने" म्हणणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला.

हवेच्या नळीसाठी डिफरन्शियलच्या धडधाकट बिडाच्या कवचाला ड्रिलने भोक पाडून आटे पाडायचे होते. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस फासलं. भोक पडेपर्यंत ह्यांनी श्वास घेतला नाही आणि तुमच्या नातवाने बॅटरी हलवली नाही. नंतर दोघांनी मिळून माझ्या डब्यातल्या सगळ्या चकल्या संपवल्या.

गाडी तयार झाली, पण न्यायची कुठे? इथल्या डोंगरातले बरेच कच्चे रस्ते हिवाळ्यात फाटक लावून बंद करतात. जूनमध्ये बंद झालेले मेलबर्न कपच्या सुमारास उघडतात. मेलबर्न कप म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची घोड्यांची शर्यत. घोडे 3200 मीटर पळतात आणि त्यासाठी अख्ख्या शहराला सरकारी सुट्टी. त्या सुट्टीला जोडून आम्ही डार्गो गावाकडे निघालो आणि तिथून बिली गोट ब्लफ नावाच्या चढाला लागलो. नावातच बोकड आहे. नदीच्या खोऱ्यातून निघून थेट पिनॅकल्सच्या कड्यापर्यंत, मध्ये दगडांच्या पायऱ्या. सप्तशृंगीला देवीसाठी चढतात, इथे कशासाठी, हे विचारायचं नसतं.

एका पायरीपाशी मी मुलांना घेऊन खाली उतरले. मागचा लॉकर लावून हे चढू लागले. पुढचं डावं चाक वीतभर वर उचललं गेलं आणि भिरभिर फिरू लागलं; उजवं दगडाला टेकून थंड. गाडी जागच्या जागी उड्या मारायला लागली. ह्यांनी पाय काढला आणि दुसरं बटण दाबलं. हेही सांगते, आधी मागचा आणि मगच पुढचा, असंच वायरिंग असतं. कॉम्प्रेसर घुरघुरला. आणि मी डोळ्यांनी पाहिलं: हवेतलं चाक आता उजव्याबरोबर पावलापावलाने फिरत होतं. उजव्याने दगड धरला, गाडीचं नाक वर आलं आणि इंजिनचा आवाज न वाढवता ती पायरी चढून गेली. कबूल करते, मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच वळणावर मात्र स्टिअरिंग फिरेना. पुढची दोन्ही चाकं एका वेगाने फिरायचा हट्ट धरून बसली असतील तर गाडी वळणार कशी? ती सरळ दरीचा अंदाज घ्यायला निघाली. हे घामाघूम. मागे चालत येणारी तुमची नात वॉकीटॉकीवर म्हणाली, "बाबा, बटण बंद करा ना!" आजूबाजूच्या गाड्यांनीही ते मराठी ऐकलं असेल. लॉकर लावून जोरात वळवलं तर ॲक्सलच्या टोकाचे सांधेही तुटू शकतात, ही माहिती मला वर पोचल्यावर, सँडविच खाताना मिळाली.

तर आई-बाबा, माझं मत विचाराल तर वस्तू उपयोगाची आहे, पण तिचा उपयोग अख्ख्या डोंगरात काही पावलांपुरता. बाकीचा चढ टायरमधली हवा कमी करून आणि सावकाश चालवून पार पडला. भाऊजींनी थार घेतलीय, तर त्यांना हे पत्र जरूर वाचायला द्या. ती तुमच्या नाशकातच बनते, आणि काही मॉडेलांना मागचा लॉकर कारखान्यातूनच असतो. चाक घसरलं की आपोआप लागणारा. तेवढा पुष्कळ आहे. टायरची हवा मोजायला एक साधं गेज घ्या म्हणावं आणि पुढच्या चाकांच्या वाटेला जाऊ नका.

इकडे सर्व क्षेम. येताना नवं मोदकपात्र आणावं. भांड्याला विमानतळावर कुणी हरकत घेत नाही. भाजणी आणलीत तर फॉर्मवर लिहायला विसरू नका, इथे खाद्यपदार्थांची तपासणी कडक असते. आणि बाबा, एकच विनंती: रविवारी फोनवर ह्यांना "आता पुढे काय बसवणार?" असं चुकूनही विचारू नका. विंचचा कॅटलॉग मी फ्रिजवर लपवून ठेवला आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची
सूनबाई